तीन इंचांपासून नऊ फुटांपर्यंत : व्हिटनीमधलं फ्रँक स्टेलाचं प्रदर्शन

आधीच सांगून टाकते, मला फ्रँक स्टेला हा अमेरिकन चित्रकार आवडायचा नाही. मी वीकेंडला थोडंफार पेंटिंग करते, आणि इतकी वर्षं त्याची चित्रं छापील पानावर नाहीतर स्क्रीनवरच बघितलेली, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की हा पट्ट्यांवाला माणूस, स्केलपट्टी घेऊन बसतो आणि कंटाळा येईपर्यंत रेघा ओढतो. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याचं मोठं रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, लागलंय हे २०१५च्या ऑक्टोबरपासून माहीत होतं, तरी जायचं टाळत होते. शेवटी डिसेंबरात दीर आले राहायला, नवऱ्याला ऑफिसमधून सुटका नव्हती, आणि भाऊजी म्हणाले, "वहिनी, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी लांबून दिसला तेवढा बास, तुम्हाला जे बघायचंय तिकडे न्या मला." भाऊजींचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पत्रा कापणं वाकवणं वेल्डिंग हेच आयुष्यभर केलेलं, चित्रांशी संबंध शून्य. म्हटलं चला, बिल्डिंग तरी बघून होईल. आणि त्यानंतर मी एकटी अजून दोनदा जाऊन आले, यावरून काय ते समजा.

व्हिटनीची ही नवी बिल्डिंग २०१५च्या मे महिन्यात उघडली, आर्किटेक्ट रेन्झो पियानोची, गॅन्सव्हूर्ट स्ट्रीटवर, हाय लाइनला, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरच्या उंच बागेला, अगदी चिकटून. जर्सीहून येणाऱ्यांनी पाथ ट्रेनने १४व्या स्ट्रीटला उतरायचं आणि सरळ नदीच्या दिशेने चालत सुटायचं. तिकीट तेव्हा २२ डॉलर होतं, १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट, आणि शुक्रवारी संध्याकाळी ७ ते १० मनाला येईल तेवढे द्यायचे. प्रदर्शन पाचव्या मजल्यावर होतं आणि तो हॉल म्हणजे जवळपास १८,००० चौरस फुटांचा, मध्ये एकही खांब नाही, एका टोकाला शहर दिसतं दुसऱ्या टोकाला हडसन नदी. साधारण शंभर कामं मांडली होती, १९५८ पासून ते अगदी तेव्हापर्यंतची. स्टेला तेव्हा ७९ वर्षांचा होता आणि अजून काम करत होता (२०२४ला तो गेला).

लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या दोन चित्रं समोर यायची आणि ती शेजारी ठेवणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. एक 'प्रॅटफॉल', १९७४चं, चौकोनात चौकोन चौकोनात चौकोन, अकरा फुटांच्या आसपास, एकदम शिस्तीत. दुसरं 'दास एर्डबेबेन इन चिली', १९९९चं, बारा फूट उंच आणि चाळीस फूट लांब, त्यात जाळ्या, धुराची वलयं, सळ्या, फुगे, काय वाट्टेल ते एकमेकांवर आदळतंय. भाऊजींना पहिल्यांदा वाटलं की ते लांबवालं पत्र्याचं आहे, तुकडे वेल्ड केलेत. जवळ जाऊन बघतात तर सपाट कॅनव्हास. "अहो हे तर नुसतं रंगवलंय," म्हणाले, आणि मग बाजूला जाऊन भिंतीला गाल लावल्यासारखं करून बघायला लागले की खरंच सपाट आहे का. गार्डने हसून दोन पावलं मागे यायला सांगितलं. पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येक चित्र असंच बघितलं, आधी बाजूने मग समोरून, आणि मलाही त्यांच्यामागे तसंच करावं लागलं, आणि तिथेच माझं मत फिरलं.

कारण स्टेलाचं सगळं करिअर त्या कडेत आहे. फोटोत जी कधीच दिसत नाही ती कड.

काळ्या चित्रांपासून बघा. 'दी फाने होख' हे १९५९चं, व्हिटनीच्याच मालकीचं, दहा फूट उंच आणि सहा फूट रुंद. स्टेला तेव्हा २३ वर्षांचा, प्रिन्स्टनमधून इतिहासाची डिग्री घेऊन १९५८ला न्यूयॉर्कला आलेला, पोटापाण्यासाठी घरं रंगवायचा. तोच घरं रंगवायचा ब्रश आणि तोच दुकानातला काळा इनॅमल घेऊन त्याने हे पट्टे काढले, आणि दोन पट्ट्यांमध्ये जी बारीक फिकट रेघ दिसते ती काढलेलीच नाही, तो मोकळा सोडलेला कोरा कॅनव्हास आहे. छापील चित्रात ती रेघ पांढऱ्या रंगाची वाटते. प्रत्यक्षात ती थरथरते, रंग कडेने किंचित पसरलाय, हात दिसतो, स्केलपट्टी अजिबात दिसत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं साफ चुकीचं समजत होते. आणि आता बाजूने बघा : फ्रेम तीन इंच जाड आहे. आपण दुकानातून कॅनव्हास ताणायच्या स्ट्रेचर पट्ट्या आणतो त्या पाऊण इंच, फार तर दीड इंच. याने लाकूड आडवं न लावता उभं लावलं, त्यामुळे कॅनव्हास भिंतीपासून सुटून पुढे आला, आणि पट्ट्याची रुंदी साधारण त्या जाडीच्या हिशेबात बसली. खिडकीतून आत बघावं तसं हे चित्र बघताच येत नाही, ते एक वस्तू म्हणून समोर उभं राहतं. त्याचं ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, जे दिसतं ते दिसतं, बास, १९६४च्या रेडिओ मुलाखतीतलं, ते मला आधी उर्मट वाटायचं. या तीन इंचांसमोर उभं राहिल्यावर तो साधं सत्य सांगतोय असं वाटलं. (नाव मात्र नाझींच्या गाण्याच्या पहिल्या ओळीवरून आहे आणि ते कळल्यावर तो काळा रंग वेगळाच जड होतो. जे दिसतं तेवढंच आहे म्हणणाऱ्याने असं नाव का द्यावं हा प्रश्न मला अजून पडलेला आहे.)

याच काळ्या चित्रांतली चार १९५९च्या शेवटी मॉडर्न आर्ट म्युझियमच्या 'सिक्स्टीन अमेरिकन्स' प्रदर्शनात लागली आणि एक म्युझियमने विकतही घेतलं. २३व्या वर्षी! दुसरा कोणी असता तर पुढची वीस वर्षं काळे पट्टेच काढत बसला असता.

याने १९६०ला अॅल्युमिनियम रंग घेतला. पट्टा सरळ येतो, मध्येच काटकोनात वळतो, परत सरळ जातो, आणि असं वळवल्यावर कोपऱ्यात एक छोटा चौकोन उरतो ज्यात पॅटर्न बसत नाही. तुम्ही आम्ही काय केलं असतं, तो चौकोन रंगवून टाकला असता. याने तो कापूनच टाकला. बास, इथून शेप्ड कॅनव्हास सुरू, म्हणजे आतली रेघ बाहेरचा आकार ठरवायला लागली. पुढच्या तांब्याच्या चित्रांत तर अर्धं चित्रच कापून टाकलंय, एल आकार, टी आकार, यू आकार, आणि रंग कुठला तर बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो कॉपर पेंट. 'क्रीड वन' समोर मी बराच वेळ उभी होते.

इथे माझं स्वतःचं सांगते. घरी येऊन मी एल आकाराची फ्रेम बनवायला घेतली, दोन फुटांचीच. बाहेरचे पाच कोपरे नेहमीसारखे झाले, कापड दुमडा, स्टेपल मारा. पण आतला कोपरा! तिथे कापड मागे वळवायचं तर तिरका काप द्यावा लागतो, तो काप बरोब्बर कोपऱ्याच्या टोकापर्यंत गेला पाहिजे, एक सूत कमी पडला तर सुरकुती येते आणि एक सूत जास्त झाला तर समोरून फाटतं, आणि बरोबर दिला तरी कापड दोन्हीकडे ओढलं गेल्यावर त्या कोपऱ्यात लाकूड उघडं पडतं. दोन कॅनव्हास वाया गेले. तिसऱ्या वेळी आधी कोपऱ्यावर वेगळा तुकडा चिकटवून घेतला आणि मग वरून मोठं कापड ताणलं तेव्हा कुठे जमलं. हे सगळं झाल्यावर मी परत व्हिटनीत गेले ते फक्त त्याचे आतले कोपरे बघायला. समोरून एक सुरकुती नाही हो.

साठच्या दशकातलं बाकीचं पटकन सांगते, कारण ते आवडायला सोपं आहे, फार सांगायची गरज नाही. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे १९६५चं, चार मोठे बाण एकमेकांत अडकवल्यासारखे, १८ फुटांहून लांब. मग इर्रेग्युलर पॉलिगॉन्स, १९६५-६६, अकरा आकार आणि प्रत्येकाची चार रंगांत चार चित्रं, नावं न्यू हॅम्पशायरमधल्या गावांची आणि जागांची, जिथे तो लहानपणी वडिलांबरोबर मासे पकडायला जायचा. 'चोकोरुआ फोर'मध्ये एक त्रिकोण चौकोनाच्या अंगात घुसलाय आणि अख्खी फ्रेम त्यामुळे बाहेर ढकलली गेलीय. मग प्रोट्रॅक्टर मालिका, कंपासपेटीतल्या कोनमापकासारखी अर्धवर्तुळं, झगझगीत रंग. 'दमास्कस गेट' तर दहा फूट उंच आणि ५० फूट लांब, त्याच्यासमोरून चालत जायचं, एका जागी उभं राहून काही हाती लागत नाही. हे सगळं करून १९७०ला मॉडर्न आर्ट म्युझियमने त्याचं रेट्रोस्पेक्टिव्ह भरवलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

आता मला जिथे सगळ्यात जास्त थांबावंसं वाटलं ती पोलिश व्हिलेज मालिका, १९७० ते ७३. झालं असं की आर्किटेक्ट रिचर्ड मायर स्टेलाचा मित्र, त्याने याला एक पुस्तक दिलं, पोलंडमधल्या ज्यू लोकांच्या जुन्या लाकडी सिनगॉगांवरचं. सतराव्या-अठराव्या शतकात सुतारांनी बांधलेली ती प्रार्थनास्थळं, छपरावर छप्पर चढवलेली, लाकडात लाकूड अडकवलेली, आणि नाझींनी ती नष्ट केली. स्टेलाने त्यातल्या गावांची नावं घेऊन शंभराहून जास्त कामं केली. आणि इथे पहिल्यांदा तो ब्रश जवळजवळ बाजूला ठेवून सुतारकामाला लागला : आधी कागद, फेल्ट आणि कॅनव्हास सपाट चिकटवलेले, मग त्याच आकाराची पुढची आवृत्ती लाकूड-पुठ्ठ्याची, थोडी उठलेली, मग अजून पुढची, जिच्यात पट्ट्या तिरक्या होऊन भिंतीपासून कललेल्या. एकच रचना हळूहळू सपाटपणातून उठत जाते.

भाऊजी इथे गप्प झाले होते. मग म्हणाले, "वहिनी, याला लाकूड कळतं. सांधा लपवलेला नाही बघा, सांध्यावरच सगळं उभं आहे." मी त्यांना सिनगॉगांचं सांगितलं. परत एकदा सगळी फिरून बघून आले. पाडलेल्या इमारतीचं चित्र काढून ठेवणं एक, आणि ती इमारत ज्या पद्धतीने उभी राहायची त्या पद्धतीने काहीतरी परत बांधणं एक. त्यात रडारड नाही, मेणबत्ती नाही, कुणाचा चेहरा नाही. तरी माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं.

मग पत्रा येतो आणि भाऊजी खुश! १९७४पासून पुढे स्टेला अॅल्युमिनियमवर गेला, विमानात वापरतात तसा मधाच्या पोळ्यासारखा आतून पोकळ अॅल्युमिनियम, कारण एवढे मोठे आकार भिंतीवर टांगायचे तर वजन कमी पाहिजे. 'एस्किमो कर्ल्यू', १९७६, एक्झॉटिक बर्ड्स मालिकेतलं. त्यातले वळणदार आकार म्हणजे ड्राफ्ट्समनच्या टेबलावरचे फ्रेंच कर्व्ह, जहाजाचा आराखडा काढायच्या वक्रपट्ट्या, राक्षसी आकाराला वाढवलेल्या. भाऊजींनी लगेच ओळखल्या. आधी छोटं मॉडेल करायचं आणि मग फॅक्टरीत त्याचे तुकडे मोजून वाढवून घ्यायचे ही त्याची पद्धत, आणि आल्यावर त्यावर वेड्यासारखा रंग आणि चक्क चमकी. हो, चमकी! बायकांच्या भरतकामातली वाटावी अशी.

याच्या पुढच्याच मालिकेचं नाव इंडियन बर्ड्स आणि ती सुरू झाली अहमदाबादेत. साराभाई कुटुंबाने त्याला तिकडे बोलावलं होतं, १९७७ची गोष्ट. तिथे त्याने मॉडेल कशाची केली तर डबे बनवायच्या छापील पत्र्याची, आणि त्याला तारेच्या जाळीचा आधार. नावं 'राम गंगरा', 'खर पिद्दा', 'शौबीगी'. ही आपल्याकडच्या पक्ष्यांची नावं आहेत, शौबीगी म्हणजे आपला सुभग! भाऊजींना मी हे सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की तिथल्या तिथे वर्कशॉपला फोन लावणार होते. आणि खरंच विचार करा, न्यूयॉर्कच्या मिनिमल पट्ट्यांपासून निघालेला माणूस तेलाच्या नाहीतर बिस्किटाच्या डब्याचा असावा तसा छापील पत्रा कात्रीने कापून वाकवतोय.

पुढे तो रोममध्ये राहून आला आणि १९८३-८४ला हार्वर्डला त्याची व्याख्यानं झाली, त्यात कॅराव्हाज्जिओ या जुन्या इटालियन चित्रकाराबद्दल बोलला. मुद्दा असा की कॅराव्हाज्जिओच्या चित्रातली माणसं चौकटीतून बाहेर येऊन आपल्या अंगावर येतात, आपण त्यांच्या जागेत असतो, आणि अमूर्त चित्राने ही जागा गमावलीय, ती परत मिळवली पाहिजे. हे मी आधी वाचलेलं तेव्हा मोठ्या बाता वाटल्या होत्या. मग 'सेंट मायकल्स काउंटरगार्ड' बघितलं. १९८४चं, माल्टातल्या किल्ल्याच्या तटबंदीवरून नाव. उंची तेरा फूट, आणि भिंतीपासून पुढे किती आलंय? ९ फूट. तीन इंचांपासून नऊ फूट, पंचवीस वर्षांत. त्याच्या बाजूला उभं राहिलात तर पत्र्यांच्या मधून आरपार दिसतं, मागे भिंतीवर सावल्या, आणि तरी समोर आलात की ते परत चित्र होतं, रंग रंगाशी बोलायला लागतात, मागची निळी पट्टी पुढे येते पुढची मागे जाते. शिल्प म्हणजे कापून कुठेतरी उभं केलेलं चित्रच, असं स्टेला म्हणायचा. लोक याला शिल्पकार म्हणायला लागले तरी तो स्वतःला पेंटरच म्हणवायचा आणि मला ते आता पटलंय, कारण हे मागून बघायसाठी केलेलंच नाही. याला समोर आहे.

आता जे नाही आवडलं ते. १९८६पासून पुढे दहाएक वर्षं तो मोबी डिक या मेलव्हिलच्या देवमाशाच्या कादंबरीच्या मागे लागला, कादंबरीत १३५ प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाच्या नावाचं किमान एक काम करायचं ठरवलं. सुरुवात छान आहे, कोनी आयलंडच्या मत्स्यालयात बेलुगा व्हेल बघून तो लाटेचा आकार सुचला म्हणे, आणि 'द व्हाइटनेस ऑफ द व्हेल'मध्ये ती लाट खरंच अंगावर येते. पण पुढे पुढे इतका माल भरलाय, वितळवलेला धातू, पाइप, जाळ्या, त्यावर परत रंग, की डोळ्याला टेकायला जागा नाही. 'राफ्ट ऑफ द मेड्युसा' सोडलं तर. ते १९९०चं, रंग जवळपास नाहीच, नुसता ओतलेला-चेचलेला धातू, आणि म्हणूनच ते टिकतं, बुडणाऱ्या माणसांची गर्दी एकही माणूस न दाखवता. बाकी ठिकाणी मला वाटलं की चित्रातल्या खोलपणाचा प्रश्न त्याने सोडवून झाला आणि मग थांबायचं कुठे हे ठरवायचं राहिलं. भाऊजी माझ्याशी सहमत नाहीत हेही लिहिते, त्यांना हीच खोली सगळ्यात आवडली, प्रत्येक तुकडा कुठे टेकवलाय आणि वजन कुठून खाली येतंय हे शोधण्यात त्यांचा पाऊण तास गेला.

अलीकडची कामं थ्रीडी प्रिंट वगैरे वापरून केलेली आहेत, स्कार्लाटी या जुन्या संगीतकाराच्या हार्प्सिकॉर्डवरच्या (पियानोसारखं जुनं वाद्य) रचनांचे के नंबर, म्हणजे यादीतले क्रमांक, घेऊन नावं दिलेली. 'के ८१ कॉम्बो' हलकं, गिरकी घेतल्यासारखं, बघून बरं वाटतं. बाहेर गच्चीवर 'ब्लॅक स्टार' होता, काळा मोठा तारा, भर थंडीत उभा. सुरुवातही काळ्यानेच झाली होती, तेव्हा भिंतीपासून तीन इंच सुटलेला काळा आणि आता भिंतच नाही, आजूबाजूला नदीचा वारा. तिथे आम्ही कोट खाली ठेवून गेलो आणि दोन मिनिटांत आत पळालो.

पाचापैकी साडेचार, अर्धा मोबी डिकसाठी कापला. स्टेलाचं असं प्रदर्शन कुठे लागलं तर किमान अडीच तास ठेवा. लहान मुलांना जरूर न्या, फक्त पत्र्यांच्या जवळ हात धरून ठेवा कारण टोकं अगदी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. पेंटिंग करणाऱ्यांनी सोबत सुतार, वेल्डर, इंजिनिअर असं कोणीतरी घेऊन जावं, त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. व्हिटनी मंगळवारी बंद असतं. ७ फेब्रुवारी २०१६ला इथलं संपलं, मग एप्रिलपासून टेक्सासात फोर्ट वर्थच्या मॉडर्न म्युझियममध्ये आणि वर्षअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला डी यंग म्युझियममध्ये लागलं.